कातीण आणि कुंचा

कराडच्या कासार गल्लीत सणाची चाहूल पंचांगातून लागत नसे. उज्ज्वला जगदाळे यांच्या गच्चीवर गोधड्या वाळत पडल्या की नवरात्र जवळ आलं, असं सगळी गल्ली समजे. त्या गोधड्या दिसल्या की चौतीस घरांतल्या बायका पदर खोचून उठत. उज्ज्वलाकाकींचं घर म्हणजे आरसा. लग्न होऊन आल्यापासून पस्तीस वर्षांत त्या घरात जळमट टिकलेलं नव्हतं. वेळूच्या लांब काठीला बांधलेला त्यांचा कुंचा दाराआड उभा असे आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. नाकावर माशी बसू न देणारी ही बाई, छताला कोळी कसा बसू देईल?

आणि अशा बाईच्या घरात सून आली ती जाळी लावणारी.

सुनेचं नाव शर्वरी. शिक्षणाने शास्त्रज्ञ. मुलगा ओंकार जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात, त्यामुळे घरात तिघंच: उज्ज्वलाकाकी, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले प्रतापराव आणि ही शर्वरी. ती विद्यानगरच्या एका प्रयोगशाळेत काम करायची आणि संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून दिवसभराचं सगळं सासूला सांगायची. काकी तिच्याकडे न बघता भाकरी थापत राहायच्या. पण शर्वरीला यायला पंधरा मिनिटं उशीर झाला, तर फाटकाच्या कडीकडे त्यांचे कान लागलेले असत. हे त्यांनी कधी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं, स्वतःजवळसुद्धा नाही.

तो काळ डासांचा होता. माणसाने केलेला प्रत्येक उपाय पचवून डास चांगले शिकून-सवरून तयार झाले होते. अगरबत्त्या, कॉइल, फवारे, कानाला न ऐकू येणारे भोंगे, सगळं त्यांना सवयीचं झालं होतं. मागच्या पावसाळ्यात तर प्रतापरावांनी एक डास जळत्या कॉइलच्या स्टँडवर निवांत बसलेला बघितला होता. डेंग्यूने गल्लीतली चौदा माणसं दवाखान्यात पडली, शेजारच्या निकमवहिनी तर मरता मरता वाचल्या.

"विषाची सवय होते, आई," शर्वरी म्हणायची. "जाळ्याची नाही होत. कोट्यवधी वर्षं झाली, कातीण जाळं घालतेय आणि किडे त्यात पडतायत. अजून कुठल्या किड्याला त्यावर पक्का उपाय सापडलेला नाही."

म्हणून तिच्या चमूने यंत्राची कातीण केली. आवळ्याएवढं करडं अंग, आठ बारीक पाय. पोटात रेशीम तयार करायची सोय. कातिणीच्या धाग्याचं गुपित त्यांनी यीस्टच्या पेशीत घातलं होतं. ते यीस्ट इडलीच्या पिठासारखं आंबायचं आणि त्यातून खऱ्या कातिणीसारखं रेशीम निघायचं.

पहिली कातीण अर्थातच घरी आली. शर्वरीने ती पुढच्या खोलीत उत्तरेच्या कोपऱ्यात, छताच्या खाली बसवली. काकी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. यंत्राने एक धागा हवेत सोडला. तो तरंगत जाऊन पलीकडच्या भिंतीला चिकटला. त्या पुलावरून यंत्र गेलं, मग चौकट झाली, मग मधून बाहेर जाणारे सायकलच्या चाकासारखे आरे, आणि शेवटी त्या आऱ्यांवरून गोल गोल फिरत एक लांबच लांब धागा.

"तिचे स्वतःचे पाय कसे चिकटत नाहीत गं?" काकींनी विचारलंच.

"आरे कोरडे असतात. चिकट थेंब फक्त गोल धाग्यावर. ती शक्यतो कोरड्यावरून चालते, आणि चिकटावर पडलाच पाय तर फक्त टोक टेकते."

"म्हणजे मी फरशी पुसताना कोरड्या लादीवरून मागं मागं येते, तसं."

"अगदी तसंच! आणि उडून उडून डासाच्या अंगावर जरा वीज साठते. नायलॉनची साडी थंडीत पायाला कशी ओढली जाते? तसा धागा आपणहून डासाकडे ओढला जातो. डास चिकटला की धडपडतो. कातीण मधोमध बसलेली असते, प्रत्येक पाय एकेका आऱ्यावर. धाग्याच्या थरथरण्यावरून तिला कळतं, पान पडलं की वारा आला की जेवण आलं. जेवण असेल तरच उठते."

"तूच की ती," प्रतापराव पेपरातून डोकं न काढता बायकोला म्हणाले. "मधल्या खोलीत बसून तुला कळतं, मी साखरेचा डबा उघडला की चहाचा."

काकींनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांना एकच गोष्ट मनापासून आवडली. रोज पहाटे ही कातीण जुनं जाळं गिळून टाकायची आणि तासाभरात नवं विणायची. म्हणजे स्वतःचं शिळं स्वतः काढणारी. असं वळण खालच्या आळीतल्या कितीतरी बायकांना नव्हतं.

"हात लावणार नाही ना?" शर्वरीने विचारलं.

"मी कशाला लावतेय?"

चाचणी चोवीस दिवसांची ठरली. गल्लीतल्या चौतीसही घरांत एकेक कातीण. पहिले पंधरा दिवस यंत्र बसायला, आणि शेवटच्या नऊ दिवसांत रोज घरटी सरासरी चाळीस डास सापडायला हवेत. तेवढे सापडले तर कराडची प्रयोगशाळा चालू राहणार. नाही सापडले तर ती बंद, आणि शर्वरीने हैदराबादच्या मुख्य कचेरीत रुजू व्हायचं. हे तिचे वरिष्ठ, सरनाईक सर, फोनवर स्वच्छ सांगून मोकळे झाले होते.

"जा की मग," काकी म्हणाल्या होत्या. "मोठं शहर आहे. माझ्या घरातली जाळी तरी जातील." आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या जरा करपल्या होत्या.

पहिला आठवडा वाईट गेला. कुठे सहा डास, कुठे आठ. शर्वरी गप्प गप्प राहू लागली. आणि दुसऱ्या आठवड्यात उज्ज्वलाकाकींच्या गच्चीवर गोधड्या वाळत पडल्या.

त्यांचं झाडणं तीन दिवसांचं असे. पहिल्या दिवशी कोरडं, दुसऱ्या दिवशी ओलं, तिसऱ्या दिवशी राहिलंसाहिलं. शर्वरी कामावर गेली होती. काकींनी डोक्याला फडकं बांधलं, स्टुलावर चढल्या, कुंचा छताला लावला आणि ठरल्या सवयीने दक्षिणेकडून उत्तरेकडे आल्या. कोपऱ्यात जाळं दिसलं आणि हात उठला. पस्तीस वर्षांचा हात तो, विचारून थोडाच उठणार? यंत्र टप्पकन स्टुलावर पडलं, उलटं झालं, आठ पाय हलवत सरळ झालं आणि भिंतीवरून तुरुतुरु परत कोपऱ्यात गेलं. काकींनी जीभ चावली.

पहाटे नवं जाळं तयार होतं. शर्वरीला काही कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी भिंती पुसताना काकींनी मनाशी म्हटलं, काल झाडलं तर रात्रीत पुन्हा झालंच की, आज काय होतंय? तिसऱ्या दिवशी तर मनाला विचारायची गरजही उरली नाही, कारण अर्धवट काम त्यांना आयुष्यात जमलेलं नव्हतं. यंत्राने या वेळी कोपऱ्यात जाऊन पाय पोटाशी घेतले आणि ते तसंच बसून राहिलं.

दुपारी चार वाजताच फाटकाची कडी वाजली. शर्वरी आली, चप्पल न काढताच खुर्चीत बसली आणि तिने फोन टेबलावर टाकला. फोनवर एकाखाली एक तोच निरोप होता: 'जाळं तीन दिवस मोडलं. जागा सुरक्षित नाही. काम थांबवत आहे.' चौतीस घरांतून चौतीस निरोप.

"संपलं, आई," ती म्हणाली. "एकाच दिवशी सगळ्या बंद पडल्या. खऱ्या कातिणीसारखा नियम घातला होता मी, जाळं सारखं मोडलं तर जागा सोडायची. त्या नियमातच काहीतरी चूक राहिली असणार. नाहीतर चौतीस घरांत एकदम जाळी कशी मोडतील? तीन तास शोधतेय, चूक सापडत नाही. सरांना काय सांगू? मला जावंच लागेल आता."

ती रडत नव्हती, हेच वाईट होतं. ओंकार पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा घर किती मोठं झालं होतं, हे त्यांना आठवलं. ही गेली की संध्याकाळी ओट्याला टेकून बोलायला कोण येणार होतं? प्रतापराव? त्यांना ओटा कुठल्या दिशेला आहे हे तरी माहीत होतं का? मला ही हवी आहे, काकींना लख्ख कळलं, घरात जाळ्यांची जत्रा भरली तरी चालेल पण ही हवी आहे.

त्या उठल्या, दाराआडचा कुंचा आणला आणि चोराने मुद्देमाल ठेवावा तसा सुनेच्या पायाशी ठेवला.

"तुझी काही चूक नाही. मी झाडलं."

"तुम्ही? पण चौतीस घरं?"

"मी झाडलं की गल्ली झाडते. घट बसायच्या आत घर लख्ख करतात सगळे, तीन दिवस. माझ्या गोधड्या बघून." काकींना आता आपल्या अपराधापेक्षा सुनेचा निष्काळजीपणा जास्त खुपू लागला. "पण तू तरी तारीख ठरवताना भिंतीवर बघायचं नाहीस व्हय? पितृपक्षात कुणी जाळी लावतं का?"

शर्वरीने कुंच्याकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं. इतकं हसली की शेवटी तिच्या डोळ्यांत जे यायचं राहिलं होतं तेही आलं. "कॅलेंडर नाही बघितलं," ती डोळे पुसत म्हणाली. "आठ जणांची समिती होती, आई. कुणीच नाही बघितलं."

"आणि आणखी एक. नसतं झाडलं तरी तुला सहा-सातच सापडले असते."

"का?"

"जागा चुकलीय. उत्तरेचा कोपरा कुणी ठरवला?"

"संगणकाने. सगळ्या घरांत एकच जागा हवी होती, म्हणजे तुलना करता येते."

"संगणकानं कधी घर झाडलंय? त्या कोपऱ्यात पंख्याचा वारा मारतो. पस्तीस वर्षांत तिथं एकदा जाळं झालेलं नाही. कोळ्याला कळतं ते. कोळी कुठं घर करतो ते मला विचार, सारखी त्यांच्या मागावर आहे मी."

त्या कुंचा घेऊन उठल्या आणि घर दाखवू लागल्या. मोरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला, उंबऱ्यापासून दोन हातांवर. टाकीच्या खाली, पण पाइपाच्या डाव्या अंगाला, कारण उजव्या अंगाला ऊन येतं. वाऱ्याच्या समोरासमोर कधीच नाही, जरा तिरकं. "आणि डास दिवसा कुठं बसतात? अंधारात, घामाच्या वासाला. हे बघ." काकींनी कुंच्याने खुंटीवरचे प्रतापरावांचे शर्ट सरकवले. मागून डासांचा एक ढगच उठला. शर्वरी वही काढून लिहू लागली.

पुढचे दोन दिवस गल्लीने एक अजब वरात बघितली. पुढे कुंचा खांद्यावर घेतलेल्या उज्ज्वलाकाकी, मागे वही घेतलेली शास्त्रज्ञ सून. ज्या बायका कालपर्यंत जाळी झाडत होत्या, त्या आता आपापली गुपितं सांगत होत्या. "आमच्यात देवळीच्या मागं होतंय बघा दरवर्षी," निकमवहिनी म्हणाल्या, आणि लगेच, "पण मी काढते हां लगेच!" अशी पुस्तीही त्यांनी जोडली. प्रत्येक घरात कातिणीची जागा निराळी ठरली. जगदाळ्यांच्या घरात ती खुंटीमागे गेली. प्रतापरावांनी दुसऱ्या दिवशी खुंटीवरून शर्ट काढला तेव्हा जाळ्याचं एक टोक कॉलरला चिकटून आलं आणि ते तसेच पोस्टात जाऊन आले. "माझ्या अंगावर आज एक डास बसला नाही," त्यांनी परत आल्यावर सांगितलं.

आकडा सातावरून अठ्ठावीसवर गेला. पण अठ्ठावीस म्हणजे चाळीस नव्हे.

घट बसले. मोजणीचे नऊ दिवस सुरू झाले. पहिल्या दिवशी एकोणतीस, दुसऱ्या दिवशी तीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती चालू होती. अखंड दिवा विझू नये म्हणून नऊ दिवस देवघराच्या खोलीतला पंखा बंद. बंद पंख्याखाली दहा-बारा माणसं मांडी घालून बसलेली. डासांना यापेक्षा मोठी पंगत कुठली? दरवर्षीप्रमाणे आरतीच्या निम्म्या टाळ्या देवीसाठी आणि निम्म्या डासांसाठी वाजत होत्या. फक्त ताल चुकला की कुठली कुठली ते कळे.

आरती झाल्यावर शर्वरी अंगणात फोनवर बोलताना काकींना ऐकू आली. "हो सर, तिसाच्या पुढे नाही जाणार बहुतेक. हो, एक तारखेला हैदराबादला येते."

काकी आत येऊन बसल्या. प्रतापराव पाय खाजवत होते.

"सगळे डास इथं जमलेत," ते म्हणाले. "कातीण तिकडं माझ्या शर्टांची राखण करतेय."

"मग शर्वरीला कळत नाही का?"

"तिला पहिल्याच दिवशी कळलंय. चौतीस घरांत हीच गत आहे. पण तुझ्या देवघरात, घट बसलेले असताना जाळं लावू का, असं ती तुला कधी विचारणार नाही. हैदराबादला जाईल, पण विचारणार नाही."

उज्ज्वलाकाकी दिव्याकडे बघत राहिल्या. घटाजवळ या नऊ दिवसांत त्यांनी कधी धुळीचा कण येऊ दिला नव्हता. सासूबाईंनी जाताना हेच तर हातात दिलं होतं. गल्ली काय म्हणेल? देवी काय म्हणेल? त्यांनी देवीकडे बघितलं. देवीच्या नाकावर, नथीच्या जरा वर, एक डास बसला होता. त्यांनी हात उचलला आणि तसाच थांबवला. देवीला चापट कशी मारणार?

"शर्वरी!" त्यांनी हाक मारली. "कातीण आण इकडं. खिडकीपाशी, दिव्यापासून हातभर लांब, जरा तिरकं. आणि धागा फुलोऱ्याला लागता कामा नये, सांगून ठेव तिला."

"आई, पण इथं… जळमट…"

"जळमट म्हणजे शिळं, धुळीनं भरलेलं. ही रोज पहाटे ताजं घालते. माझ्यापेक्षा जास्त सोवळ्यात आहे ती. आणि निकमवहिनींना फोन लाव. म्हणावं, काकींनी लावलंय."

या शेवटच्या दोन शब्दांपुढे गल्लीत कुणाचं काही चालत नसे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चौतीस देवघरांत चौतीस जाळी होती. आरती सुरू झाली. डास नेहमीप्रमाणे निघाले आणि वाटेत अडकत गेले. कातीण धावून धावून त्यांना गुंडाळत होती. टाळ्या सगळ्यांच्या एका तालात पडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि त्यामुळे निकमवहिनींचा सूर किती वर चढतो हेही सगळ्यांना कळलं. त्या दिवशीचा आकडा सेहेचाळीस होता.

नववा दिवस खंडेनवमीचा. ज्याची जी हत्यारं त्यांची त्या दिवशी पूजा. प्रतापरावांनी वर्कशॉपचे पाने पुसून पाटावर मांडले, काकींनी विळी आणि पोळपाट. मग कुणी बघत नाही असं पाहून त्या खिडकीपाशी गेल्या आणि कातिणीला दोन बोटांत धरून उचललं. पहिल्यांदाच हात लावला होता. आठ पाय बोटाला गुदगुल्या करू लागले. सुनेचं हत्यार पाटावर हवंच की, असं मनाशी म्हणत त्या वळल्या.

पाटावर मधोमध त्यांचा कुंचा आडवा ठेवलेला होता. काठी धुऊन पुसलेली, टोकाला झेंडूचं फूल, वर हळदीकुंकवाची बोटं. शेजारी शर्वरी उभी होती.

"दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही, माहितीये," ती म्हणाली.

"आता लावलाच आहेस," काकी म्हणाल्या. त्यांनी कातीण कुंच्याशेजारी ठेवली आणि तिच्या करड्या पाठीवर कुंकवाचा टिपका लावला.

सरनाईक सरांचा फोन रात्री, शेवटची मोजणी पोचल्यावर आला. नऊ दिवसांची सरासरी त्रेचाळीस. प्रयोगशाळा राहणार. "पण जागांचा हा तक्ता कुणी केला?" ते विचारत होते. "असा तज्ज्ञ आपल्याकडे नाही. पुढची चाचणी मिरजेत आहे, त्यांना सोबत घ्या."

शर्वरीने फोन कानापासून दूर धरला. "आई, मिरजेला याल? महिन्याभरात सुरू करायचं म्हणतात."

काकींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकली. "दिवाळीची झाडलोट व्हायची आहे अजून. नंतर या म्हणावं. आणि तारीख मला विचारून ठरवा."

दसऱ्याला घट उठले. सोनं वाटून झालं, जेवणं झाली. उकडत होतं म्हणून प्रतापराव पंख्याच्या बटणाकडे गेले. काकी पुढच्या खोलीत आडव्या पडल्या होत्या. त्यांची नजर छताच्या उत्तरेच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक जाळं होतं. यंत्राचं नव्हे, खरंखुरं. मधोमध एक पिवळसर कातीण, जोंधळ्याएवढी, पाय पसरून बसलेली. दिव्यापर्यंत वारा जाऊ नये म्हणून देवघराबरोबर या खोलीचाही पंखा नऊ दिवस बंद होता, म्हणून फसली असणार बिचारी.

कुंचा परत दाराआड गेला होता, हाताच्या अंतरावर. शर्वरीने आधी कुंच्याकडे, मग सासूकडे बघितलं.

"थांबा!" काकी ओरडल्या. प्रतापरावांचा हात बटणावरच थांबला. "दोन दिवस वारा नसला तर काय होतंय तुम्हाला? तिला जागा बदलायला जरा वेळ द्या."